दुसऱ्याच्या दारचा वेल

नाशिकहून उत्तरेस सप्तशृंगीच्या वाटेला लागलें म्हणजे सुमारें २५ किलोमीटरांवर दिंडोरी हें तालुक्याचें गांव लागतें. वाटेंत रामशेजचा डोंगर दिसतो, आणि पुढें रस्त्याच्या दोहों अंगांस द्राक्षांचे मांडव सुरू होतात. गांवांत श्रीस्वामी समर्थ सेवामार्गाचें प्रधान केंद्र आहे. अक्कलकोटच्या स्वामींच्या नांवें, पिठले महाराज आणि त्यांच्यामागून मोरेदादा यांच्या परंपरेनें चालत आलेला हा मार्ग आतां महाराष्ट्रभर पसरला असून त्र्यंबकेश्वरीं त्याचें गुरुपीठ आहे. संकटांत सांपडलेलीं माणसें येथें गाऱ्हाणें घेऊन येतात. सेवेकरी तें ऐकून घेतात, आणि कांहीं जप, कांहीं पारायण, कांहीं व्यवहारांतला सल्ला सांगतात. मार्गाच्या कामांत मुलांवरील संस्कार आहेत, विवाह जुळविणें आहे, शेतीविषयींचें मार्गदर्शनहि आहे. आम्ही या मार्गाचे अनुयायी नव्हों, आणि विरोधकहि नव्हों. परंतु दिंडोरीस एकदां जाऊन आल्यापासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला आहे, आणि तो या मार्गापुरताच नसून आपणां सर्वांच्या घरचा आहे, अशी आमची समजूत झाल्यामुळें तो वाचकांपुढें मांडीत आहों.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. त्यानंतरच्या माघांत एका लग्नाच्या निमित्तानें आम्ही दिंडोरीस गेलों होतों. परततांना स्थानकावर बसची वाट पाहत असतां शेजारीं एक पन्नाशीचा शेतकरी येऊन बसला. हातांत कापडी पिशवी, पिशवींत नवी कोरी पोथी. बोलणें निघालें. ऑक्टोबरांत छाटणी केलेली दोन एकर बाग, घड फुलोऱ्यांत आणि नेमका त्याच वेळीं पाऊस. अर्धे घड गळाले, उरले ते डावणीनें नेले. औषधांच्या दुकानाची उधारी, सोसायटीचें कर्ज, मुलीचें शिक्षण, हें सर्व त्यानें कोणा तिसऱ्याच माणसाची हकीकत सांगावी तशा सुरांत सांगितलें. मग म्हणाला, "सात दिवसांचं गुरुचरित्राचं पारायण करायचं ठरवलंय."

आम्हीं, थोडें थट्टेनेंच म्हणाना, विचारलें, "मग त्यानं घड परत येतील का हो?"

तो रागावला नाहीं. म्हणाला, "घड कशाचे येतात, भाऊ! पण पहाटे उठायचं ठरलंय ना. बागेकडं बघायला लागू नये म्हणून दोन महिने मी उन्हं वर येईस्तोवर तोंडावर गोधडी घेऊन पडत होतो."

बस आली आणि तो गेला. आम्ही मात्र आमच्या प्रश्नानें ओशाळे होऊन बसून राहिलों.

या माणसास काय मिळालें? सुशिक्षित घरांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें तयार असतात. एक म्हणतें कीं, कांहींच मिळालें नाहीं. ज्याला पैसा हवा त्याच्या हातांत पोथी दिली, ही फसवणूक होय. दुसरें म्हणतें कीं, सर्व कांहीं मिळालें. मनःशांति मिळाली म्हणजे मागाहून बाकीचें आपोआप येतें. हीं दोन्ही उत्तरें एकमेकांच्या उलट दिसलीं तरी त्यांत एक साम्य आहे. दोहोंपैकीं कोणतेंहि उत्तर देणाऱ्याला खिशांत हात घालावा लागत नाहीं, किंवा खुर्चीवरून उठावें लागत नाहीं. आम्ही हें दुसऱ्यांस हिणविण्यासाठीं लिहीत नाहीं. आम्हीं स्वतः हीं दोन्ही उत्तरें वेगवेगळ्या वयांत दिलेलीं आहेत, आणि त्यांतलें दुसरें कोणास दिलें तें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमचा एक मावसभाऊ निफाडाकडे शेती करीत असे. पुष्कळ वर्षांपूर्वीं तो एका संध्याकाळीं आमच्याकडे आला. कांद्यांत लागोपाठ दोन वर्षें खोट आली होती; एका खासगी सावकाराचें देणें अंगावर होतें; आम्ही जामीन राहिलों तर कर्ज फिरवून घेतां येईल, एवढेंच त्याचें मागणें होतें. रक्कम आमच्या आंवाक्याबाहेरची नव्हती. परंतु जामीन म्हटलें म्हणजे मध्यमवर्गाच्या पोटांत गोळा येतो, तसा आमच्याहि आला. आम्हीं त्याला जेवूं घातलें, दैव आणि प्रयत्न यांवर बरेंच बोललों, आणि निघतांना घरांतली उत्तम बांधणीची गुरुचरित्राची प्रत त्याच्या हातीं ठेविली. "यानें मार्ग निघेल," असेंहि म्हटलें. त्यानें ती कपाळाला लाविली, आमच्या आईच्या पायां पडला आणि गेला. पुढल्या वर्षीं त्याची नदीकांठची जमीन विकली गेली.

यांतील खरी बोच पुढेंच आहे. कांहीं वर्षांनीं त्याच्या घरीं जाण्याचा योग आला. देवघरांत ती पोथी रेशमी वस्त्रांत गुंडाळलेली होती. तो सहज म्हणाला, "दादा, तुमच्या पोथीनंच त्या वर्षांत तगलो बरं का." त्यानें टोमणा मारला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. पण तो खरेंच बोलत होता. पोथीनें त्याला तगविलें होतें, हें सत्य. आणि आम्हीं ती पोथी स्वतःचा हात सोडवून घेण्यासाठीं दिली होती, हेंहि तितकेंच सत्य. तेव्हांपासून 'उपासना खरी कीं खोटी' हा वाद आम्हांस गौण वाटूं लागला आहे. दुसऱ्याला उपासना सांगणारा स्वतः काय देतो, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

ज्या ग्रंथाची प्रत आम्हीं दिली त्यांतच या प्रश्नाचा फार सूक्ष्म विचार कथारूपानें आलेला आहे, आणि तो वर्षानुवर्षें वाचूनहि आमच्या ध्यानांत आला नव्हता. अमरापुरच्या दरिद्री ब्राह्मणाची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. भिक्षा मिळाली नाहीं तर त्याच्या कुटुंबानें दारच्या घेवड्याच्या शेंगांवर दिवस काढावा, अशी स्थिति. श्रीनृसिंहसरस्वती त्याच्याकडे भिक्षेस येतात, घेवड्याची भाजी जेवतात, आणि निघतांना तोच वेल मुळापासून तोडून टाकतात. बायको आक्रोश करिते; नवरा तिची समजूत घालतो; आणि वेलाचें मूळ खणतांना द्रव्यानें भरलेला घट सांपडतो. या कथेचा अर्थ सांगतांना, क्षुद्र आधार सुटल्यावांचून मोठा आधार लाभत नाहीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. अर्थ चुकीचा नाहीं. परंतु तो सांगणारा मनुष्य बहुधा पोट भरलेला असतो, आणि तोडावयाचा वेल नेहमीं दुसऱ्याच्या दारचा असतो!

दुसरी कथा गाणगापुरच्या शेतकऱ्याची. संगमावर जाणाऱ्या गुरूंस रोज शेतांतून धांवत येऊन नमस्कार करणारा हा मनुष्य एक दिवस आपल्या जोंधळ्याच्या पिकावर कृपादृष्टि करा म्हणतो. गुरु म्हणतात, मी परत येईपर्यंत सारें पीक कापून टाक. पीक अजून कच्चें आहे. शेत दुसऱ्याच्या सत्तेखालचें. तेव्हां तो अधिकाऱ्याकडे जाऊन गेल्या सालाच्या दुप्पट धान्य देण्याचा कागद करून देतो, मग विळा चालवितो. घरांत रडारड होते, गांवांत हंसें होतें. पुढें अवकाळांत सर्वांचीं पिकें जातात आणि याच्या कापलेल्या धाटांना नवे फुटवे येऊन अपार धान्य होतें.

द्राक्षाच्या मुलखांत ही कथा वाचतांना एक गोष्ट विशेष खटकते. शेतकऱ्यानें जें केलें तें श्रद्धेनें केलें; पण ज्याचा वाटा होता त्याचें नुकसान होऊं नये म्हणून कागद आधीं करून दिला. भक्तीच्या पायीं दुसऱ्याचें देणें त्यानें बुडूं दिलें नाहीं. आणि आज्ञा करणारे गुरु कोठें गेले होते? ते त्याच गांवांत होते. रोज त्याच वाटेनें जात-येत होते. पीक गेलें असतें तर त्या बायकोच्या रडण्यापुढून त्यांना रोज जावें लागलें असतें. वेल तोडण्याचा अधिकार, असेल तर, अशाला आहे. आम्हीं मावसभावास पोथी दिली आणि त्यानंतर तो काय खातो हें विचारण्यास वर्षभर गेलों नाहीं.

उपासना सांगणाराच्या हातून याहूनहि एक क्रूर गोष्ट घडते. सांगितलेला जप झाला, पारायण झालें आणि संकट मात्र टळलें नाहीं, म्हणजे "श्रद्धा कमी पडली" असें म्हणण्यांत येतें. कर्ज होतेंच, त्यांत आतां अपराध मिळाला. ज्याचा मुलगा दुखण्यांतून उठला नाहीं त्या बापास आपल्या मनांतल्या भक्तीचें माप काढीत रात्रीं काढाव्या लागतात. आमच्या मतें हें वाक्य कोणाहि दुःखिताला ऐकविणें हा अधर्म आहे, मग तें कितीहि मऊ शब्दांत ऐकविलेलें असो. आणि औषधाच्या जागीं अंगारा देणें हा तर अधर्माबरोबर सरळ गुन्हाच समजला पाहिजे. औषध चालूं असतां उशाशीं अंगारा ठेवणें ही वेगळी गोष्ट. तिच्याशीं भांडण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

उलट बाजूहि पाहिली पाहिजे. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्याच दुष्काळाच्या अखेरीस, १८७८ च्या चैत्रांत, अक्कलकोटच्या स्वामींनीं देह ठेविला. त्यांच्याकडे जाणाऱ्यांत पोट खपाटीला गेलेलीं माणसें नव्हतीं असें कोण म्हणेल? अभयाचा एक शब्द ऐकण्यासाठीं माणसें कोसचे कोस चालत जात. त्याच काळांत, १८७७ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई यांनीं सत्यशोधक मंडळींच्या साह्यानें दुष्काळांतल्या मुलांसाठीं अन्नछत्रें चालविलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती जमवून सरकारपुढें मांडली. आज आपण या गोष्टी निरनिराळ्या पुस्तकांत वाचतों आणि त्या निरनिराळ्या माणसांच्या म्हणून समजतों. उपाशी मनुष्य मात्र एकच होता. त्यानें भाकरी कोठें मिळते हें विचारलें आणि आपल्याला कोणी विचारतें काय हेंहि विचारलें. त्याला या दोन भुकांची फारकत करतां येत नव्हती; ती करण्यास सवड पाहिजे, आणि सवड म्हणजे भरलेलें पोट.

मग उपासना आणि मदत यांचा मेळ कसा घालावा? या बाबतींत आमचे संत आपल्या पंडितांहून पुष्कळच व्यवहारी होते. तुकोबांच्या घरीं सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळानें घर धुऊन नेलें. पहिली बायको अन्नावांचून गेली. पुढें विठ्ठलाकडे मन वळल्यावर त्यांनीं पहिल्यानें काय केलें? कुळांचीं कर्जखतें काढून इंद्रायणींत सोडलीं. परंपरा अशी सांगते कीं, धाकटा भाऊ कान्होबा याची निम्मी खतें त्याची त्याला वाटून दिलीं आणि स्वतःच्या वाट्याचीं तेवढीं बुडविलीं. आम्हांस या 'निम्म्या'चें फार मोल वाटतें. भावाच्या खतांवर वैराग्य गाजविण्याचा मोह त्यांनीं धरिला नाहीं. आणि कुळांना नाम सांगण्यापूर्वीं स्वतःचें येणें सोडून दिलें. त्यांच्या उपासनेची किंमत कुळांना द्यावी लागली नाहीं. ती सावकारानें, म्हणजे त्यांनीं स्वतः, दिली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा अधिक रोमांचकारी खरी. पण तेथें कोठार बादशाहाचें होतें, आणि त्या दानांत स्वतःची मान तेवढी पणाला लागली होती. मान लहान वस्तु नव्हे, हें कबूल. तरी ज्यांना कोठारहि नाहीं आणि मान देण्याचें धैर्यहि नाहीं अशा आमच्यासारख्यांस देहूचा धडाच जवळचा.

गाडगे महाराजांनीं तर हा क्रम रोजच्या दिनचर्येंत बसविला. गांवांत शिरले कीं प्रथम खराटा. सारा दिवस गटारें, रस्ते, ओटे झाडावयाचे. काम केल्यावांचून कोणाची भाकरी घ्यावयाची नाहीं. आणि रात्रीं कीर्तन. कीर्तनांत सांगणें काय, तर कर्ज काढून सण करूं नका, देवापुढें बकरें मारूं नका, दारू पिऊं नका, पोरांना शाळेंत घाला. नामाचा गजर आणि हा उपदेश यांच्यामध्यें त्यांनीं भिंत ठेविली नाहीं. २० डिसेंबर १९५६ रोजीं ते गेले. नाशकांत गोदेच्या कांठची त्यांची धर्मशाळा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल, आणि मुंबईंत दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रोग्यांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. या माणसानें दुःखितांस जप सांगण्यापूर्वीं त्यांच्या दारापुढील घाण काढली. त्यामुळें रात्रीं तो जें बोले तें ऐकणाऱ्यांस उपरें वाटत नसे.

येथें कोणी असें विचारील कीं, मग कीर्तनाची गरजच काय? खराटा पुरे नव्हे काय? नामाची गरज आहे, परंतु ती पहिल्यानें मदत करणाराला आहे. संकटांतल्या माणसाला मागाहून. ही गोष्ट आमच्याकडे उलटी झालेली आहे. साधना दुःखितानें करावी आणि मदत करणारानें नुसतें सांगावें, अशी वांटणी होऊन बसली आहे.

संकट आलें म्हणजे पहिल्या आठवड्यांत माणसें जमतात. गारपीट झाली कीं वर्तमानपत्रांचे प्रतिनिधि येतात, पुढारी येतात, धान्याच्या पिशव्या येतात. तिसऱ्या महिन्यांत कोणीहि येत नाहीं. आणि खरें काम तेव्हांच असतें. पंचनामा होऊन तलाठी, ग्रामसेवक आणि कृषि सहायक यांच्या सह्या झालेल्या असतात. तेहतीस टक्क्यांहून अधिक नुकसान धरलें गेलें तरच अनुदान मिळावयाचें (२०१५ पूर्वीं ही मर्यादा पन्नास टक्के होती). यादींत नांव आहे, पण खात्याचा आंकडा चुकला आहे. जमीन अजून मेलेल्या बापाच्या नांवावर आहे. ज्या घरांतल्या कर्त्या पुरुषानें जीव दिला तेथें तर स्थिति आणखी बिकट. महाराष्ट्र सरकारनें अशा कुटुंबास एक लाख रुपये देण्याची योजना केली, त्यांतले तीस हजार हातीं आणि सत्तर हजार ठेव म्हणून. परंतु त्यासाठीं जमीन कुटुंबाच्या नांवें असली पाहिजे, कर्ज बँकेचें, सोसायटीचें अगर परवानेदार सावकाराचें असलें पाहिजे, आणि तें थकलें म्हणून मृत्यु झाला हें सिद्ध झालें पाहिजे. एक कागद कमी पडला कीं प्रकरण अपात्र. नवरा गेल्यावर महिन्याभराच्या आंत त्या बाईनें हें सर्व समजून घ्यावें, अशी आपली अपेक्षा असते!

या कामाला बुद्धि थोडी लागते, पैसा त्याहून थोडा लागतो. चिकाटी मात्र अमर्याद लागते. आणि ती सद्भावनेंतून येत नाहीं. सद्भावना दोन खेपांत संपते. तिसऱ्या खेपेस कारकुनावर राग येतो, चौथीस त्या बाईवरच येतो, कीं हिनें वेळेवर कागद कां सांभाळले नाहींत. आणि पांचव्या खेपेस आपण इतकें करितों त्याची हिला जाणीव कोठें आहे, असें वाटूं लागतें. आम्ही अनुभवानें लिहीत आहों. ज्या मनुष्यानें रोज ठरल्या वेळीं ठरल्या संख्येची माळ ओढली आहे, त्यांतून आज काय हातीं आलें असें विचारण्याची संवय ज्याची मोडली आहे, तो या कामास अधिक लायक असला पाहिजे, निदान असावा. निष्काम कर्म हा शब्द आपण व्याख्यानांत इतका झिजविला आहे कीं त्याला आतां धार उरलेली नाहीं. पण कचेरीच्या बांकावर दुसऱ्याच्या कामासाठीं बसलें म्हणजे त्याचा अर्थ तत्काळ समजतो. अकरा माळा ज्याला जमल्या त्याला दुसऱ्यासाठीं अकरा खेपाहि जमाव्या. जमत नसतील तर माळा मोजण्यांत कोठें तरी चूक होत आहे, असें समजावें.

उपासनेचें नांव न घेतां हीच चिकाटी दाखविणारीं माणसेंहि याच मुलखांत झालीं. दिंडोरी तालुक्यांतील वाघाड धरणाचें पाणी कालव्याच्या शेवटच्या टोंकास, निफाडांतल्या ओझरकडे, पोहोंचतच नसे. वरच्यांनीं भिजवून घ्यावें आणि खालच्यांनीं कालव्याच्या कोरड्या तळाकडे पाहत बसावें, असा प्रकार होता. तेथील समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनीं १९९० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सरकारकडून पाणी मोजून घ्यावयाचें, आपसांत मोजून वाटावयाचें, पट्टी आपणच गोळा करावयाची. पुढें साऱ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांच्या हातीं आला. आरंभींच्या तीन संस्थांचीं नांवें मात्र वाचकांनीं लक्ष देऊन ऐकावीं: एक महात्मा फुले, दुसरी बाणगंगा आणि तिसरी जय योगेश्वर. सभागृहांत ज्यांचे अनुयायी एकमेकांचें ऐकून घेत नाहींत, तीं नांवें एका कालव्यावर शेजारीं शेजारीं पाणी मोजून घेत आलीं! टोंकाच्या शेतकऱ्यास पाणी मिळालें तेव्हां तें कोणत्या तत्त्वज्ञानाचें, असें त्यानें विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाऱ्हाणें घेऊन कोठेंहि, देवाच्या दारीं कीं सरकारच्या, जी रांग लागते तींत कोण नसतें, हें आपण पाहत नाहीं. दिंडोरीच्या बागांत छाटणीला, विरळणीला, काढणीला पेठ आणि सुरगाणा भागांतून कोकणा, महादेव कोळी, वारली मजूर येतात. मुलेंबाळें घेऊन येतात आणि मांडवाच्या कडेला पालांत राहतात. घड गळाले म्हणजे बागाईतदाराचें नुकसान पंचनाम्यांत येतें. मजुराची बुडालेली रोजी कोणत्याहि कागदावर येत नाहीं. त्याच्याजवळ सातबारा नाहीं, तसेंच सात दिवस घरीं बसून पारायण करण्याइतका शिधाहि नाहीं. बसस्थानकावर भेटलेल्या त्या सज्जन शेतकऱ्याचें दुःख खरें होतें. पण त्या दोन महिन्यांत त्याच्या बागेंतलीं माणसें कोठें गेलीं, हें आम्हीं त्यास विचारलें नाहीं आणि त्यानेंहि सांगितलें नाहीं.

अशा माणसांचें गाऱ्हाणें ६ मार्च २०१८ रोजीं नाशिकहून पायीं निघालें होतें. वनजमिनींचे हक्क आणि इतर मागण्या घेऊन हजारों माणसें १२ मार्चला मुंबईंत पोहोंचलीं. त्या दिवशीं दहावीची परीक्षा होती. रस्ते अडून मुलांची खोळंबा होऊं नये म्हणून, दिवसभर चाललेल्या त्या माणसांनीं विश्रांति न घेतां रात्रींच शहरांतला टप्पा पुरा केला. कित्येकांच्या पायांचीं सालटीं निघालेलीं होतीं. त्यांच्या हातांत लाल निशाणें होतीं. त्या चालण्यास कोणी साधना म्हटलें नाहीं, आणि त्यांनाहि तें आवडलें असतें कीं नाहीं याची शंका आहे. पण दुसऱ्याच्या लेकरांसाठीं आपल्या फोडांवरून चालणें याला धर्माच्या भाषेंत दुसरें नांव आम्हांस सुचत नाहीं. मुंबईकर त्या सकाळीं पाणी आणि खाऊ घेऊन रस्त्यावर आले, हेंहि येथें नमूद करावयास पाहिजे. पुढें आठवड्याभरांत ते आपापल्या कामास लागले, आपण सारेच लागलों.

दिंडोरीहून परत आल्यावर कांहीं दिवसांनीं आम्ही मावसभावाकडे गेलों. तो आतां थकला आहे. शेती मुलगा पाहतो. मुलानेंहि उरलेल्या दीड एकरांत द्राक्षें लाविलीं आहेत, आणि त्या नोव्हेंबरांत त्याचीहि बाग गेली होती. पंचनामा झाला होता, यादींत नांव होतें, अनुदान आलें नव्हतें. चौकशी करितां समजलें कीं, उताऱ्यावर आजोबांच्या नांवांतलें एक अक्षर आणि बँकेंतल्या खात्यावरचें अक्षर यांचा मेळ बसत नाहीं. मुलगा दोनदां जाऊन कंटाळला होता. तिसऱ्यांदा जाण्यास दिवस मोडला कीं त्या दिवसाची फवारणी राहते. आम्हांस निवृत्तिवेतन मिळतें आणि दिवस रिकामे असतात. आम्हीं कागद मागून घेतले.

मावसभाऊ देवघराकडे पाहून हंसला. "दादा," तो म्हणाला, "या वेळी पोथी नाही वाटतं आणली?"

टोमणा होता कीं थट्टा, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं. कागदांची पिशवी घेऊन आम्ही आतांपर्यंत तीनदां कचेरींत जाऊन आलों. पहिल्या खेपेस साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या खेपेस प्रतिज्ञापत्र नव्या नमुन्यांत हवें निघालें, तिसऱ्या खेपेस यंत्र बंद होतें. रांगेंत आमच्यापुढें एक म्हातारी बाई असते. तिलाहि दर वेळीं तेंच सांगतात, आणि ती दर वेळीं पदरांतले कागद पुन्हां नीट घडी करून बांधते. शेवटच्या खेपेस तिचे कागदहि आम्हीं वाचून पाहिले. तिचा एक दाखला जोडावयाचा राहिला आहे. तो तालुक्याच्या गांवीं मिळतो. आम्हां दोघांनाहि येत्या गुरुवारीं बोलाविलें आहे.